पिकतं तिथं विकतं कोण?

'पिकतं तिथं विकत नाही' ही म्हण आपण दोन अर्थांनी वापरतो. एक बाजाराचा: ज्या गावात घरोघरी वांगी, तिथं वांग्याला गिऱ्हाईक नाही. दुसरा माणसाचा: गावच्या गुणी पोराची किंमत गावाला नसते. दिल्लीच्या भोवती, म्हणजे छतरपूर, गुरुग्राम, फरिदाबाद या पट्ट्यात, गेल्या काही वर्षांत कुणीतरी ही म्हण उलटी टांगली आहे. इथं पिकतं ते इथंच विकलं जातं, आणि 'इथलं' आहे म्हणूनच महाग विकलं जातं. म्हण खोटी ठरली तर आनंदच व्हायला हवा. मला होत नाही, कारण उलटी झाली ती म्हणीची पहिली बाजू. दुसरी, माणसाची, होती तिथंच आहे. किंबहुना आणखी खाली गेली आहे.

त्यासाठी आधी एका शब्दाकडे बघू. 'लोकल'. मुंबईकराला लोकल म्हणजे गाडी. परवडणारं भाडं, चौथ्या सीटवर टेकलेला अनोळखी माणूस, दारात लोंबकळणारे चारजण. दुकानदाराला लोकल म्हणजे हलका माल: "ताई, हा लोकल आहे, टिकणार नाही, कंपनीचा घ्या." गुरुग्राममध्ये मी सतरा वर्षं राहते आहे. इथं या शब्दाचा तिसरा अर्थ कानावर येतो. इथं 'लोकल' म्हणजे माणूस. सिकंदरपूर, चक्करपूर, नाथूपूर, वझीराबाद या गावांतला. ज्याच्या बापजाद्यांच्या शेतावर आता काचेचे मनोरे आहेत. "वो लोकल है, उससे उलझना मत," असं नव्या भाडेकरूला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जातं. चौथा अर्थ सगळ्यांत ताजा. तो मेन्यूकार्डावर भेटतो, हातकागदावर तपकिरी शाईत छापलेला. तिथं लोकल म्हणजे शुद्ध, दुर्मीळ, संस्कारी, आणि म्हणून महाग.

माझं भांडण एवढंच आहे, की तिसरा आणि चौथा अर्थ एका टेबलाशी बसू दिले जात नाहीत. ताटात लोकल हवं, दारात लोकल नको.

२०२३ च्या डिसेंबरात एका सहकाऱ्याच्या निरोपाचं जेवण होतं. जागा अरवलीच्या कडेला, गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्यापासून आत. नाव सांगत नाही. ते सांगून एकाच जागेला झोडल्यासारखं होईल, आणि तशा जागा बऱ्याच आहेत. इंग्लंडच्या खेड्यातल्या जुन्या पबचा थाट होता: जाड लाकडी तुळया, विटांची शेकोटी, भिंतीवर कोल्ह्याच्या शिकारीची चित्रं, पाठीमागे भाज्यांचे वाफे आणि त्यांत रोवलेल्या लाकडी पाट्या. कार्डावर पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की इथलं बहुतेक सगळं शंभर किलोमीटरच्या आतलं आहे. पुढे पदार्थ. बाजरीची खिचडी होती, तिला रिसोत्तोचं नाव होतं. बथुआ होता, म्हणजे आपला चाकवत, ज्याची ताकातली पातळ भाजी लातूरकडे माझी आई आठवड्यातून एकदा तरी करायची. बोकडाच्या मांसाला कचरी चोळलेली होती. कचरी म्हणजे आपल्याकडच्या शेंदाडाच्या जातीचं रानफळ. बाजरीच्या शेतात आपोआप उगवतं, वाळवून कुटलं की मांस मऊ करतं. हरियाणात आणि राजस्थानात ती गरिबाघरची युक्ती. शेवटी 'रानातून वेचलेल्या भाज्या' असा एक स्वतंत्र प्रकार होता.

जेवण चांगलं होतं हे आधीच सांगते. जे चांगलं आहे त्याला वाईट म्हणून भांडण जिंकता येत नाही.

वाढणारा मुलगा उत्तराखंडचा होता, चमोलीकडचा. मी त्याला विचारलं, या भाज्या वेचतं कोण? तो क्षणभर गोंधळला, मग प्रामाणिकपणे म्हणाला, "मैम, हमारा वेंडर है. आज़ादपुर से लाता है." आज़ादपूर म्हणजे आशियातल्या मोठ्या घाऊक भाजीबाजारांपैकी एक. तिथं देशभरातून ट्रक येतात. मला हसू आलं, पण त्या मुलाचं नाही. खोटं त्यानं बोललेलं नव्हतं, ते कार्डावर छापलेलं होतं.

आता हिशोब. बाजरीच्या त्या खिचडीची किंमत होती ८२५ रुपये, कर वेगळा. एका वाडग्यात कोरडी बाजरी फार तर साठ ग्रॅम जाते. २०२३-२४ साठी केंद्र सरकारनं ठरवलेला बाजरीचा हमीभाव होता क्विंटलला २,५०० रुपये, म्हणजे किलोला पंचवीस. साठ ग्रॅमचे होतात दीड रुपया. तोही हमीभाव हातात पडला असं धरून. ८२५ तले दीड रुपया. भाडं, पगार, वीज, भांडी, आचाऱ्याचं कसब, दारूचा परवाना, सगळं मान्य. खानावळवाल्यालाही धान्याच्या भावात जेवण देता येत नाही. पण साध्या उडुपी हॉटेलात डोसा खाताना कुणी मला सांगत नाही, की हे उडदाच्या शेतकऱ्याशी जडलेलं नातं आहे. इथं नेमकं तेच सांगून पैसे घेतले जातात. कार्डावर माती आहे, डोंगर आहे, ऋतू आहे, किलोमीटर आहेत. त्या शंभर किलोमीटरांतल्या एकाही माणसाचं नाव नाही, आणि त्याला किती मिळाले तो आकडा तर नाहीच.

हा प्रकार भारतात जन्मला नाही. ज्या पबची इथं नक्कल होते त्याची मूळ कथा पाहिली तर इथलं सोंग जास्त नीट कळतं. इंग्रजीत कोपऱ्यावरच्या नेहमीच्या पबलाच 'द लोकल' म्हणतात. तिथं 'लोकल' हे विशेषण बटाट्याला नव्हतं, ते गिऱ्हाइकाला होतं. गवंडी, खाटीक, पोस्टमन, निवृत्त शिक्षक रोज तिथं उभे राहून बिअर पीत. १९८९ मध्ये तिथल्या सरकारनं मोठ्या बिअर कंपन्यांना त्यांच्या ताब्यातल्या पबांची संख्या कमी करायला लावली. बरेच पब बाजारात आले, आणि थोड्या भांडवलाच्या लोकांना जागा परवडू लागल्या. १९९१ मध्ये मायकेल बेलबेन आणि डेव्हिड आयर या दोघांनी लंडनच्या फॅरिंग्डन रोडवर 'द ईगल' असा एक पब घेतला. एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या, उघडं स्वयंपाकघर, फळ्यावर लिहिलेले चार पदार्थ. महागड्या रेस्तराँच्या तोऱ्याशिवाय चांगलं खायला मिळावं, ही त्यांची कल्पना. 'गॅस्ट्रोपब' हा शब्द तिथून रुळला. म्हणजे मूळ गोष्ट थाटाच्या विरुद्धच होती.

पुढे काय झालं ते अवघ्या वीस वर्षांत दिसलं. शब्द इतका विकला गेला, की 'गुड फूड गाइड' या तिथल्या नावाजलेल्या मार्गदर्शिकेनं २०११ मध्ये तो वापरणंच सोडून दिलं. गावोगावचे पब रंगरंगोटी करून शनिवार-रविवारी शहरातून गाडीनं येणाऱ्यांसाठी सजले. पाटीवर इथलंच कोकरू, इथलंच चीज, इथल्याच रानातलं हरीण. आणि ज्याच्यामुळे त्या जागेला 'द लोकल' म्हणत, तो बिअरच्या एका ग्लासवर संध्याकाळ काढणारा माणूस हळूहळू दाराबाहेर गेला. साहित्य लोकल झालं, तेव्हा लोक लोकल उरले नाहीत.

त्या हरणाचीही एक कहाणी आहे. सतराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इंग्लंडच्या संसदेनं हजारो कायदे करून गावांची सामायिक कुरणं आणि मोकळी रानं कुंपणात घातली. १७२३ च्या 'ब्लॅक अ‍ॅक्ट'नं तर तोंडाला काळं फासून, हत्यार घेऊन राखीव रानातलं हरीण मारणाऱ्याला फाशी ठेवली, आणि तो कायदा शंभर वर्षं टिकला. ई. पी. थॉम्प्सन या इतिहासकारानं १९७५ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. ज्या रानातलं हरीण खाल्लं म्हणून खेडूत फासावर जाऊ शकत होता, त्याच रानातलं हरीण आज 'स्थानिक' म्हणून ताटात येतं. स्थानिक हा शब्द तिथं आला, तोवर स्थानिकांचा हक्क संपून जमाना झाला होता.

इंग्लंडला जे करायला तीनशे वर्षं लागली, ते दिल्लीच्या भोवती एका पिढीत उरकलं. १९८० च्या दशकापासून गुरुग्रामच्या आसपासच्या शेतजमिनी खाजगी बांधकाम कंपन्यांनी विकत घेतल्या. शामलात म्हणजे गावाची सामायिक जमीन. गुरं चारायची, सरपण आणायची, बथुआ आणि कचरी वेचायची ती जागा. तीही आकसत गेली. गावठाणाभोवती शहर वाढलं आणि गाव मधे खड्ड्यासारखं राहिलं. काहींना पैसे मिळाले. त्यांच्या मोठ्या गाड्यांचे किस्से सगळे सांगतात. पण ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, जे दुसऱ्याच्या शेतात राबत होते, त्यांना या व्यवहारात काय मिळालं? शामलातीवरच ज्यांची शेळी चरत होती, त्यांना नुकसानभरपाई कोणत्या खात्यातून द्यायची?

अरवलीचं पाहा. फरिदाबादजवळच्या खोरी गावात दगडखाणींत काम करायला आलेल्या लोकांनी वस्ती केली होती. खाणी बंद झाल्या, माणसं राहिली. जून २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या मागोमाग, सर्वोच्च न्यायालयानं वनजमीन मोकळी करण्याचा आदेश दिला आणि सुमारे १०,००० घरांची ती वस्ती भर पावसाळ्यात पाडली गेली. जंगल वाचलं पाहिजे, यात दुमत नाही. पण त्याच डोंगररांगेत फार्महाऊस होते, लग्नाची लॉन होती. त्यांच्या बाबतीत नोटिसा, सुनावण्या आणि फेरसुनावण्या वर्षानुवर्षं चालल्या. खोरीला आठवडे मिळाले. आज अरवलीच्या कुशीत जेवण्याची जाहिरात वाचताना मला नेहमी तो फरक आठवतो. कुस कुणाची आणि कुशीतून उचलून कुणाला टाकलं?

आणि दिल्लीची खरीखुरी 'स्थानिक' भाजी कुठली? यमुनेच्या खादरातली, म्हणजे नदीकाठच्या पूरपट्ट्यातली. मुळा, पालक, भोपळा, दोडका. शंभर किलोमीटर कशाला, संसद भवनापासून दहा किलोमीटरच्या आत पिकते. जानेवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं त्या पट्ट्यात खाण्याची पिकं घ्यायला बंदी घातली, कारण नदीचं पाणी विषारी झालं आहे. पाणी विषारी केलं ते कारखान्यांनी आणि शहराच्या मैल्यानं. वाफे उखडले गेले ते खंडानं जमीन कसणाऱ्यांचे. म्हणजे दिल्लीत सगळ्यांत जवळचं अन्न बेकायदा आहे, आणि त्याहून दूरचं अन्न 'लोकल' म्हणून मिरवतं. अंतर हाच निकष असेल, तर खादरातल्या माळ्याइतका लोकल दुसरा कोण?

हे वाचून पुण्या-मुंबईच्या वाचकानं दिल्लीकडे बोट दाखवून समाधान मानू नये. मुळशीत १९२१ मध्ये सेनापती बापटांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा केला, तो मावळ्यांच्या भातखाचरांसाठी. आज त्याच पाण्याच्या काठी रिसॉर्टवाले पाहुण्यांना 'मावळी जेवण' वाढतात. २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न' सिनेमानं जमीन विकून बसलेल्या घरातल्या पोराचं काय होतं ते दाखवलं. लोकांनी संवाद पाठ केले, आणि शनिवारी गाड्या पुन्हा मुळशीकडे वळल्या.

आता दाराचं. त्या रात्री आम्ही निघालो तेव्हा फाटकाशी तीन तरुण उभे होते. पंचविशीतले, चांगले कपडे, स्वतःची गाडी. फाटकावरचा माणूस त्यांना सांगत होता, आज जागा नाही. आत निम्मी टेबलं रिकामी होती, आम्ही पाहून आलो होतो. ते गेल्यावर त्यानं आमच्या ड्रायव्हरला दबक्या आवाजात कारण सांगितलं: "लोकल हैं, जी. ऊपर से मना है." अशा मुलांच्या हातून मारामाऱ्या झाल्या आहेत, गोळ्याही चालल्या आहेत, बायकांना त्रास झाला आहे, हे मला ठाऊक आहे. मी बाई आहे, या शहरात रात्री एकटी फिरते, मला हे कुणी शिकवायला नको. पण गैरवागणूक हे कारण असेल तर ती वागणाऱ्याला अडवा. गावाच्या नावावरून, बोलण्याच्या हेलावरून आधीच अडवता, तेव्हा तुम्ही वागणूक बघत नाही, जात आणि गाव बघता. आणि हे करताना मागच्या भिंतीवर 'आमच्या मातीशी आमचं नातं' असं रंगवून ठेवता. त्याच्या शेतातली कचरी आत, तो बाहेर. नातं म्हणतात ते हेच का?

इथं कुणी म्हणेल, तुम्ही वर्गाचं बोलता आहात, पण खाद्यपदार्थांना तरी मान मिळतोय ना? चाकवताला, बाजरीला, रानभाजीला. मान कुणाच्या हातून मिळतो, त्यावर तो मान आहे की लूट हे ठरतं. १९९४ मध्ये फर्गस हेंडरसननं लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजाराजवळ 'सेंट जॉन' सुरू केलं. नळीच्या हाडांतला मगज, जीभ, आतडी, शेपूट, जनावराचं काहीच वाया घालवायचं नाही, हे त्याचं तत्त्व. जगभरच्या आचाऱ्यांनी ते उचललं, दिल्लीतल्याही. आज गुरुग्राममध्ये नळीतला मगज पावावर लावून खाणं सुसंस्कृतपणाचं लक्षण आहे.

याच देशात जनावराचं काही वाया न घालवणाऱ्या समाजांना त्या खाण्यावरूनच गावाबाहेर ठेवलं गेलं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आलं. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतलं खाणं त्यात आहे: वजडी, रक्ती, वाळवलेल्या मांसाच्या चान्या, तेल-तूप नसताना चव कशी आणायची याचे उपाय. पंगतीतल्या 'पूर्णब्रह्मा'ला एक 'अ' लावून त्यांनी विचारलं, की ज्यांना पंगतीत बसूच दिलं नाही त्यांचं ब्रह्म कोणतं? भूषण कोरगांवकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये आला, तेव्हा कुठं महानगरी वाचकांनी त्याची दखल घेतली. मूळ पुस्तक आलं त्याच वर्षी, मार्चमध्ये, महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला आणि चान्यांसारखा पदार्थ पुस्तकात आला तसा हद्दपारही झाला. मी अरवलीच्या कडेचं ते कार्ड उलटसुलट वाचलं. इंग्लंडच्या खाटकांची युक्ती त्यात होती. आपल्याकडच्या ज्या माणसांना ती युक्ती शतकानुशतकं येत होती, त्यांचा उल्लेख नव्हता.

आणि या प्रदेशात खाणं ही निरुपद्रवी आवड नाही. दिल्लीपासून तासाभराच्या अंतरावर, राजधानी क्षेत्रातच, दादरीजवळ बिसाहडा नावाचं गाव आहे. २८ सप्टेंबर २०१५ च्या रात्री, एका घरात गोमांस आहे अशा अफवेवरून जमावानं त्या घरातल्या कर्त्या पुरुषाला ठार मारलं. देवळाच्या भोंग्यावरून आधी घोषणा झाली होती. फ्रिजमधलं मांस तपासणीला पाठवलं गेलं. माणूस मेल्यावर चर्चा मांसाची झाली. दिल्लीजवळचं 'कंट्रीसाइड' ते हेच. त्या कार्डावरच्या शंभर किलोमीटरच्या वर्तुळात बिसाहडाही येतं.

आपण मराठी माणसंही यातून सुटलेलो नाही. जुलै २०१४ मध्ये दिल्लीच्या नव्या महाराष्ट्र सदनात मराठी जेवण मिळत नाही म्हणून काही खासदार संतापले. तक्रार रास्त असेल. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला पिठल्या-भाकरीची ओढ काय असते ते मला विचारा. पण त्या संतापात एका खासदारानं तिथल्या एका कर्मचाऱ्याच्या तोंडात पोळी कोंबली, हे चित्रफितीत देशानं पाहिलं. तो कर्मचारी मुसलमान होता, रोजे चालू होते. खासदारांनी पुढे खेद व्यक्त केला. माझ्यापुरता त्याचा धडा असा: 'आमचं अन्न' हे वाक्य दोन प्रकारे उच्चारता येतं. एकात आपण दुसऱ्याला बोलावतो. दुसऱ्यात त्याच्या तोंडात कोंबतो, किंवा त्याला दारात अडवतो. झुंडीचं 'स्थानिक' आणि गॅस्ट्रोपबचं 'स्थानिक' एकच आहे असं मी म्हणत नाही; एकात रक्त सांडतं, दुसऱ्यात फक्त वाइन. पण दोघांनाही माती हवी असते आणि त्या मातीवरची सगळी माणसं नको असतात.

सगळ्यांत भारदस्त आक्षेप पर्यावरणाचा. लांबून येणारं अन्न डिझेल पितं, बाजरीला पाणी कमी लागतं, जुनी बियाणं टिकतात. हे खरं आहे, आणि म्हणूनच या गोष्टी मूठभर टेबलांवर सोडून देता येत नाहीत. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. सप्टेंबरात दिल्लीत जी-२० च्या पाहुण्यांना भरडधान्याचे नाजूक पदार्थ वाढले गेले. त्याच दिवसांत रस्त्याकडेच्या झोपडपट्ट्यांसमोर हिरवी कापडं ताणली होती, पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून. कापडाच्या अलीकडे बाजरी सन्मानानं बसली होती. पलीकडे रेशनच्या गव्हा-तांदळावर जगणारी माणसं होती. त्यांतल्या कित्येकांच्या आज्या बाजरीच खात होत्या. बाजरी वाचवायची तर ती रेशनच्या दुकानात, अंगणवाडीत, शाळेच्या खिचडीत यायला हवी. जिथं ती फक्त चीनी मातीच्या वाडग्यात येते, तिथं वाचतो तो वाडगा.

'मग तुम्हाला हवं तरी काय?' असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर कल्पनेतलं नाही. याच राजधानी क्षेत्रात वर्षभर मी ते पाहिलं आणि जेवले. २६ नोव्हेंबर २०२० ला पंजाब-हरियाणाचे शेतकरी दिल्लीकडे निघाले, आणि सिंघू, टिकरी, गाझीपूर इथं अडवले गेल्यावर रस्त्यावरच बसले. रस्त्यात खिळे ठोकले गेले, काटेरी तारा आल्या. पलीकडे लंगर पेटले. शेतातून आलेलं धान्य, दूध, भाजी, गूळ रस्त्यावर शिजत होता. शेतातून थेट ताटात हे ज्याला इंग्रजीत मोठ्या दिमाखानं म्हणतात, ते तिथं महामार्गाच्या डांबरावर चालू होतं, आणि कुणाच्या कार्डावर छापलेलं नव्हतं. मी टिकरीला तीनदा गेले. पंगतीत माझ्या एका बाजूला जींदची म्हातारी, दुसऱ्या बाजूला जवळच्या कारखान्यातला बिहारी कामगार. समोर शेजारच्या वस्तीतली मुलं डबे घेऊन बसली होती. त्यांच्या घरी त्या वर्षी रोज चूल पेटत नव्हती. कुणी कुणाला विचारलं नाही, तू लोकल आहेस का?

लंगराला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. पंजाबच्या भूमिहीन दलितांचे त्याच जमीनदार शेतकऱ्यांशी मजुरीवरून, गावच्या सामायिक जमिनीतल्या वाट्यावरून झगडे होते, अजून आहेत. पंगतीला बसवणारा बांधावर समान वागवेलच असं नाही. पण पंगतीत एक गोष्ट ठरलेली होती. अन्न कुणाचं, ते पिकवणारा तिथं स्वतः हजर होता. वाढत होता, भांडत होता, त्याला चेहरा होता. डिसेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घेतल्यावर ते लोक घरी गेले. शेतकरी स्वतः ताटासमोर बसतो तेव्हा तो भाव मागतो, कायदा मागतो. चित्रातला शेतकरी काहीच मागत नाही, म्हणून भिंतीवर तो चालतो.

तेव्हा 'स्थानिक' हा शब्द वापरणाऱ्या प्रत्येक खानावळीकडे, मग ती गुरुग्रामची असो की मुळशीची, माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली: पदार्थाशेजारी पिकवणाऱ्याचं गाव आणि त्याला मिळालेला भाव छापा. किलोमीटर छापायला जागा आहे, तर रुपयांनाही असेल. दुसरी: फाटकावरचा नियम लेखी लावा. कुणाला आत सोडत नाही आणि का, ते दबक्या आवाजात नको, पाटीवर हवं. लिहायला लाज वाटली तर तो नियम पाळायचीही वाटू द्या. तिसरी: आठवड्यातला एक दिवस तरी त्या पंचक्रोशीतल्या माणसाला परवडेल अशा दरात तेच जेवण द्या. दया म्हणून नको. ज्याच्या जिभेवर ती चव पिढ्यान् पिढ्या होती, त्यानं ताट पुढे ओढून 'यात कचरी जास्त पडली' असं म्हणावं, यासाठी. ज्या स्वयंपाकाला आपल्या मूळ खाणाऱ्याच्या जिभेची भीती वाटते, त्यानं त्याचं नाव कार्डावर घेऊ नये.

हे तिन्ही जमत नसेल, तर धंदा बंद करा असं मी म्हणणार नाही. खुशाल चालवा, खिचडीचे ८२५ घ्या, हजार घ्या. फक्त तो शब्द खोडा. 'महाग' लिहा, 'रुचकर' लिहा, 'इंग्लंडसारखं' लिहा. 'इथलं' लिहायचं असेल, तर इथल्यांसमोर लिहा.